रवळू मेस्त्रीची तिवई

फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल नव्हता आणि पलीकडच्या गावाला जायचं तर ओहोटीची वाट बघत काठावर बसावं लागायचं, तेव्हाची ही गोष्ट. त्या काळी खारगाळू गावात रवळू नावाचा सुतार होता. त्या मुलखात सुताराला मेस्त्री म्हणतात, म्हणून तो रवळू मेस्त्री. त्याच्या हातचा पाट इतका गुळगुळीत असायचा की त्यावर बसलेली माशी घसरून खाली यायची, असं म्हणतात. त्याने दोन फळ्या जोडल्या की मधे केस जायला फट राहत नसे. आपण चांगले कारागीर आहोत हे त्याला ठाऊक होतं, आणि ज्यांना ते ठाऊक नव्हतं त्यांना तो स्वतःच सांगायचा.

आता या गावाची रीत ऐका, कारण सगळी गोष्ट त्या रीतीवर उभी आहे.

खारगाळूची देवी उघडमाउली. गावामागच्या राईत, दाट झाडांच्या मधोमध, एका काळ्या खडकापाशी तिचं ठाणं. तिला छप्पर चालत नाही. पूर्वी कुणी हौसेने कौलाचे नळे चढवले होते, ते एका रात्रीत वाऱ्याने उचलून खाडीत नेऊन टाकले आणि पुन्हा कुणी त्या भानगडीत पडलं नाही. राईत लोखंड न्यायचं नाही. राईतली काडीसुद्धा बाहेर आणायची नाही, आणि अंगावरचं सोडून जी वस्तू एकदा आत नेली ती देवीची झाली, तीही परत आणायची नाही. गावाचे सगळे निवाडे देवीच्या अंगणात, आभाळाखाली व्हायचे. आणि त्या बैठकीचा नेम असा, की जो बसलेला असेल त्यानेच बोलायचं. उभ्याने नुसतं ऐकायचं, फार तर कुणाला बसायला सांगण्यापुरतं बोलायचं. उभा माणूस कधीही पळून जाईल, बसलेला आपल्या शब्दापाशी थांबेल, असा त्या जुन्या लोकांचा हिशेब.

नेम चांगलाच होता. उन्हाळ्यात सगळा गाव जमिनीवर मांडी घालून बसायचा आणि सगळा गाव बोलायचा. इतका बोलायचा की माउलीचे कान किटत असतील. अडचण व्हायची आषाढात. पावसाळ्यात माउलीच्या खडकाखालून झरा फुटतो आणि अंगणभर घोट्याएवढं पाणी पसरतं. ते देवीच्या पायाखालचं पाणी. त्यात पाय बुडाले तर चालतात, पण त्यात बूड टेकून बसणार कोण? बरं, बसायला धोंडा आणावा, तर देवीसमोर ठेवलेल्या धोंड्याला संध्याकाळपर्यंत कुणी ना कुणी कुंकू लावायचंच. मग त्यावर कसं बसायचं?

म्हणून आषाढात फक्त चार मानकरी बसायचे. दर वर्षी त्यांचे गडी नवे कोरे चौरंग डोक्यावरून घेऊन यायचे, आणि बैठक संपली की ते तिथेच सोडून द्यायचे. पुढल्या आषाढापर्यंत त्यांचा भुसा झालेला असायचा. दर वर्षी नवं आसन कुजायला सोडणं मानकऱ्यांना परवडत होतं. बाकीचा गाव इरली पांघरून उभा राहायचा आणि गप्प राहायचा. आणि नेमका आषाढातच सर्वांत मोठा निवाडा व्हायचा: श्रावणातल्या उधाणाआधी खाडीचा बांध कुठे बांधून काढायचा आणि कुठला भाग तसाच सोडायचा.

तो सोडलेला भाग दर वर्षी खालच्या वाडीचा असायचा. हे काही सांगायला नको.

खालच्या वाडीत रवळूची थोरली बहीण राहत होती, आवडाबाय. नवरा समुद्रात गेलेला, मूलबाळ नाही, पण खाडीकाठच्या खाजणातल्या शेताचा तुकडा आणि जीभ, दोन्ही धारदार ठेवून होती. दर आषाढात ती राईत उभी राहायची आणि दात ओठ खात घरी यायची. एकदा ती रवळूच्या पडवीत येऊन बसली आणि म्हणाली, "रवळू, गावभर पाट करतंस. एक माका कर. माका माउलीच्या अंगणात बसाचा आसा."

रवळूने रंधा खाली ठेवला. हे त्याला आजवर कसं सुचलं नव्हतं, याचाच त्याला राग आला.

देवीच्या दारी ठेवायचं आसन, तेव्हा लाकूड फणसाचंच हवं, असं त्याने ठरवलं. देवघरातला पाट फणसाचा असतो, देवाला फणस आवडतो. त्याने जुना पिवळा फणस निवडला, चार देखणे पाय कातले, फळीला फळी अशी भिडवली की सांधा शोधून सापडेना. लोखंड नको म्हणून सगळे सांधे सरसाने जोडले. वर इतका घोटला की आवडाबायला त्यात आपला चेहरा दिसला. वैशाखात अक्षय तृतीयेचा मुहूर्त गाठून तो चौरंग राईत नेऊन ठेवला तेव्हा मानकऱ्यांचे गडीसुद्धा वाकून बघून गेले. रवळू दिवसभर छाती काढून फिरत होता.

वैशाखाच्या उन्हाने फणस सुकला. मृगाच्या पावसाने तो फुगला. घट्ट भिडलेल्या फळ्यांना फुगायला जागा नव्हती, त्या एकमेकींना रेटू लागल्या. वर पाणी साचून राहिलं, खाली सरस विरघळत गेला, आणि पाय चिखलातून पाणी ओढत राहिले. वरून मात्र चौरंग तसाच गोरागोमटा दिसत होता.

आषाढाची बैठक भरली. चार मानकरी चार चौरंगांवर बसले. मधोमध दाजी गावकार, गावाचा पहिला मानकरी, वरच्या वाडीचा. आणि त्यांच्या समोर आवडाबाय येऊन आपल्या चौरंगावर बसली. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. बाईने बसू नये असा नेम कुठेच नव्हता. ती कधी बसेल असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. दाजी गावकाराने जानव्याला हात लावला आणि घसा साफ केला.

आवडाबायने तोंड उघडलं. "गावकारानू..." एवढाच शब्द बाहेर आला आणि खाली कड्कन आवाज झाला. चौरंगाचे चारी पाय चार दिशांना गेले. आवडाबाय माउलीच्या पाण्यात पडली.

आधी कुणीतरी एक हसलं, मग सगळी बैठक हसली. दाजी गावकार हसला नाही, पण तो म्हणाला, "पडलेलो माणूस बसलेलो न्हय. फुडे चला."

बैठक पुढे गेली. बांधाचा खालचा भाग सोडायचा ठरला.

आवडाबाय राईतून तडक निघाली. रवळूच्या दारात थांबली, लुगड्याचा ओला पदर पिळला आणि म्हणाली, "तुजो पाट मोडलो, तेचा माका कायएक वाटणा नाय. पण तेच्याबरोबर माजो शब्द मोडलो."

रवळूला जन्मात कुणी इतकं लागेल असं बोललं नव्हतं. त्या दिवसानंतर त्याने स्वतःच्या कामाची फुशारकी मारली नाही, निदान फार दिवस मारली नाही.

श्रावणात उधाण आलं. पुनवेचं पाणी बांधावर चढलं आणि सोडलेल्या भागात त्याला वाट मिळाली. खालच्या वाडीची खाजणं एका भरतीत खारट झाली. लावलेलं भात उभ्या जागी करपलं. वाडीतली माणसं बांधावर उभी राहून बघत होती आणि एकमेकांना विचारत होती, की आणखी एक वर्ष असं गेलं तर जायचं कुठे? कारण जायचंच, हे सगळ्यांना कळलं होतं. पुढल्या आषाढात त्यांचा शब्द बैठकीत पडला तर वाडी राहणार होती. नाहीतर चुली उचलून वाट धरायची होती.

आणि त्याच उधाणाने एक नवल केलं. बांध फुटला त्या खिंडारातून एक झाड आत आलं. किंजळीचं, मुळांसकट, दोन घरांच्या लांबीचं. कुठल्या डोंगरावरचं, कुठल्या नदीने आणलं, कुणाला ठाऊक नाही. भरतीबरोबर आलं पण ओहोटीबरोबर गेलं नाही. सगळं पाणी ओसरलं तरी ते आवडाबायच्या शेतात आडवं पडून राहिलं. पाण्याच्या धारेला न जुमानता ते वळण घेऊन तिच्याच तुकड्यात शिरलं, असं म्हणतात.

आवडाबायने ते पाहिलं आणि भावाला बोलावणं धाडलं.

पण रवळू घरी नव्हता. तो राईत होता. मोडका चौरंग राईबाहेर आणता येत नव्हता, म्हणून तो रोज तिथे जाऊन त्याच्यापाशी बसायचा. बसायचा म्हणजे उकिडवा, पाण्याला न टेकता. कुठली कड आधी काळी पडली, कुठे शेवाळ धरलं, पाणी कुठे अडलं, हे बघायचा. आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसं त्याने त्या चौरंगाचं मरण शेवटपर्यंत पाहिलं. आणि त्याला कळलं, की चौरंग पावसाने मेला नव्हता. पावसाला जायला वाट ठेवली नाही, म्हणून मेला होता. ज्या घट्ट सांध्याचा त्याला एवढा गर्व, त्या सांध्यानेच घात केला होता.

मग तो बंदरावर बाबल्या तांडेलाकडे गेला. बाबल्या म्हातारा, होड्या हाकता हाकता होड्या बांधायलाही शिकलेला. त्याने सगळं ऐकलं आणि तोंडातलं पान थुंकून म्हणाला, "देवघरातलो पाट तू पावसात नेऊन ठेवलंस, मेस्त्री. ज्या लाकडाक पाण्यात ऱ्हवाचा आसा, तेका आधी पाण्याची वळख करून दिवक व्हयी."

होडीचं लाकूड महिनोन्‌महिने खाडीच्या खाऱ्या चिखलात पुरून ठेवतात, हे रवळूला त्या दिवशी कळलं. खारट चिखल लाकडातला गोडवा शोषून घेतो, मग त्याला ना कीड लागते ना वाळवी. आणि किंजळ तर पाण्यात राहायलाच जन्माला आलेली. रवळूने मान डोलावली आणि तिथून थेट बहिणीच्या शेतात आला. तिथे त्याने काय पाहिलं? किंजळीचं ते झाड शेतातल्या खाऱ्या चिखलात अर्धं रुतून बसलं होतं. ज्या मिठाने भात जाळलं, ते मीठ आता लाकूड मुरवत होतं.

रवळू तिथेच बांधावर बसला आणि रडला. मग हसला. आवडाबायला वाटलं, भाऊ हातचा गेला.

झाड त्याने शिमग्यापर्यंत चिखलातून हलवलं नाही. फक्त एक फांदी कापली आणि तिच्यावर हात बसवायला सुरुवात केली. आधी चार पायांचं केलं, तर ते खडबडीत जमिनीवर डुगडुगायला लागलं. एक पाय कायम हवेत. मग त्याने तीन पायांचं केलं. तीन पाय कुठेही ठेवा, तिन्ही जमीन धरतात. पाय खाली फाकवले, त्यांचे तळवे रुंद ठेवले, म्हणजे चिखलात रुतणार नाहीत. पायांची टोकं विस्तवात धरून काळी केली आणि उंडीच्या बियांच्या तेलात उभी करून ठेवली, तेल वर चढेपर्यंत. बसायची फळी एकसंध न करता पट्ट्यांची केली आणि दोन पट्ट्यांत बोट जाईल एवढी फट सोडली. केस न जाणाऱ्या सांध्यांचा मेस्त्री, त्याने स्वतःच्या हाताने बोटभर फट सोडली! पट्ट्या वरून किंचित फुगीर केल्या, म्हणजे पाणी थांबणार नाही, आणि खालच्या कडेला एक खाच काढली, म्हणजे पागोळी तिथूनच गळून पडेल, आत शिरणार नाही. सांध्यात सरस नाही, खिळा नाही. लाकडाचीच पाचर मारली, अशी की पावसात लाकूड फुगलं की सांधा आवळावा आणि उन्हात सुकलं की पाचरीने धरून ठेवावं.

त्या तीन पायांच्या आसनाला तिवई म्हणतात. तिवई घरात असते, तिच्यावर हंडा ठेवतात. उघड्यावर, ऊन-पावसात राहणारी तिवई त्याआधी कुणी केली नव्हती.

मग रवळूने तिची परीक्षा घ्यायला घेतली. सकाळी भरतीच्या पाण्यात दोरीने बांधून सोडायचा. दुपारी तीच तिवई घराच्या नळ्यांवर तापत ठेवायचा. एका दिवसात पावसाळा आणि उन्हाळा, दोन्ही. लोक हसायचे. "मेस्त्री तिवयेक न्हावक घालता आणि वाळत घालता," म्हणायचे. पोरंटोरं त्याच्या मागून ओरडत फिरायची. शेवटी त्याने ती तिवई वारुळावर नेऊन ठेवली. वाळवी वर चढली, तिन्ही पायांना प्रदक्षिणा घालून खाली उतरली आणि आपल्या वाटेने गेली, असं म्हणतात.

शिमगा झाला तसं त्याने मोठं झाड कापायला काढलं. खालची वाडी मदतीला आली. पुरुषांनी करवत ओढली, बायकांनी किनाऱ्यावरच्या उंडीच्या बिया वेचून तेल गाळलं. घरटी एक तिवई करायची ठरली. झाड मोठं होतं, पण वाडीही लहान नव्हती. आणि नवल असं, की लाकूड कापावं तितकं उरत गेलं. शेवटच्या घराची तिवई झाली तेव्हा जेमतेम एका तिवईपुरतं लाकूड शिल्लक होतं. आवडाबाय म्हणाली, "ही तुजी." रवळूने आपल्यासाठी तिवई केली. आयुष्यात स्वतःसाठी केलेली ही त्याची पहिली वस्तू. त्याच्या घरात जेवायला धड पाट नव्हता.

वैशाखात सगळी खालची वाडी डोक्यावर तिवया घेऊन राईत गेली आणि त्या माउलीच्या अंगणात ठेवून रिकाम्या हाताने परत आली. पुढे ऊन तापलं, मृग बरसला, आर्द्रा बरसल्या. रवळू रोज राईत जायचा. हात लावायचा नाही. लांबून बघायचा आणि यायचा. त्या दिवसांत त्याने कुणाचंही दुसरं काम हातात घेतलं नाही, आणि रात्री पाऊस वाढला की तो उठून बसायचा.

आषाढाची बैठक आली.

खालची वाडी राईत शिरली. तिवया जशा ठेवल्या होत्या तशा उभ्या होत्या. लाकडाला चांदीसारखा राखी रंग आला होता, आणि खालून पाणी खळाळत वाहत होतं. आवडाबाय पुढे झाली आणि बसली. तिवई हूं की चूं झाली नाही. मग घरटी एक माणूस बसलं. शेवटी रवळू बसला. आषाढात त्या अंगणात इतकी माणसं बसलेली माउलीनेही पहिल्यांदाच पाहिली असतील.

दाजी गावकाराचा चेहरा उतरला. "तीन पायांच्या ह्या जनावराक आसन कोण म्हणता?" तो म्हणाला. "आसनाक चार पाय व्हये."

वाडीत चुळबुळ झाली. काही जण उठायला लागले, कारण गावकाराने नाही म्हटल्यावर बसून राहायची कुणाला सवय नव्हती. रवळू म्हणाला, "उठा नकात. माउली काय ता सांगात."

आणि तेवढ्यात पाऊस आला. साधा नव्हे. आभाळ फाटलं म्हणतात तसा. समोरचा माणूस दिसेना, शेजारच्याचा शब्द ऐकू येईना. खडकाखालचा झरा दुप्पट झाला आणि अंगणातली माती सरकायला लागली. तिवयांवर पडलेलं पाणी फटींतून खाली जात होतं, पाय रुंद तळव्यांवर उभे होते. बसलेली माणसं भिजत होती, पण हलत नव्हती. मानकऱ्यांचे चौरंग मात्र नवे कोरे, बारीक पायांचे, वर माणसांचं वजन. आधी एक कलला. मग दुसरा. दाजी गावकाराच्या चौरंगाचा एक पाय वीतभर रुतला, त्याने सावरायला धडपड केली, आणि पाऊस थांबला तेव्हा चारही मानकरी आपापल्या पडलेल्या चौरंगांशेजारी चिखलात उभे होते.

उभे. आणि समोर सगळी खालची वाडी बसलेली.

कुणी हसलं नाही. काय झालं ते सगळ्यांना समजलं होतं. नेमाप्रमाणे आता मानकऱ्यांना शब्द नव्हता. खालच्या वाडीने ठरवलं असतं तर तिने त्या क्षणी वरच्या वाडीचा बांध सोडला असता आणि गावकाराला उभ्याने ऐकावं लागलं असतं. काही जणांच्या तोंडावर ते आलंही होतं.

तेव्हा रवळू आपल्या तिवईवरून उठला. हाताने तिच्यावरचं पाणी निपटलं, ती उचलली आणि दाजी गावकारापुढे नेऊन ठेवली.

"बसा, गावकारानू," तो म्हणाला. "उभ्या माणसाचा आयकूचा नाय असो नेम आसा. आणि आमका तुमचा आयकूचा आसा."

दाजी गावकार बराच वेळ त्या तिवईकडे बघत राहिला. मग बसला. बाकीच्या तीन मानकऱ्यांना वाडीतल्या तिघांनी आपल्या तिवईवर सरकून अर्धी अर्धी जागा दिली. तिवईवाल्यांपैकी फक्त रवळू उभा राहिला, आणि उभा म्हणून गप्प राहिला.

मग आवडाबाय बोलली. वर्षभर तोंडात धरलेला शब्द तिने पुरा केला. "गावकारानू, मी मागूक येवक नाय, सांगूक इलंय. बांध आमच्या दारात फुटता, पण पाणी आमच्या दारात थांबणा नाय. गेल्या वर्सा आमचा शेत खारवला. फुडल्या वर्साक तुमच्या बावीचा गोडा पाणी खारवतला. मगे आमी सगळे वांगडच उठान जाव."

पावसाचं पाणी झाडांवरून टपकत होतं. दाजी गावकाराने गुडघ्यांवर हात ठेवले. रवळूच्या तिवईवरून त्याने उच्चारलेले पहिले शब्द आजही खारगाळूत सांगतात. तो म्हणाला, "टोपल्यो खंय आसत?"

एवढंच. गाव तिथून उठला तो थेट बांधावर गेला. चारही मानकरी डोक्यावर माती वाहत होते. श्रावणातलं उधाण आलं, पाणी बांधाच्या माथ्यापर्यंत चढलं, तिथे क्षणभर थबकलं, इकडे तिकडे वाट शोधली आणि ओसरलं. समुद्राने त्या दिवशी खारगाळूला रामराम केला, असं म्हणतात. खालच्या वाडीची एकही चूल उठली नाही.

पुढच्या वर्षांत रवळूने मानकऱ्यांसाठी तिवया केल्या, वरच्या वाडीसाठी केल्या, सगळ्या गावासाठी केल्या. लाकूड आणायचं, आवडाबायच्या शेताच्या कोपऱ्यात चिखलात मुरवायचं, आणि मग हात लावायचा. फुशारकी पुन्हा सुरू झाली होती, पण आता ती ऐकायला सगळ्यांना आवडायची. फक्त स्वतःसाठी त्याने दुसरी तिवई केली नाही. कुणी विचारलं की म्हणायचा, "करतंय, जरा हात मोकळे होवंदेत." हात कधी मोकळे झाले नाहीत. दाजी गावकाराने त्याची तिवई परत द्यायला किती वेळा तरी मिनतवारी केली. रवळू म्हणायचा, बसलेल्या माणसाला उठवायची आपल्याकडे रीत नाही. दर आषाढात तो मागे, झाडापाशी उभा राहायचा, आणि बसलेल्या सगळ्या गावाकडे बघायचा. त्याच्या तोंडावर तेव्हा जे समाधान असायचं, ते बघायला माणसं मान वळवायची.

एका आषाढात बैठक संपली आणि लोकांनी मागे पाहिलं, तर झाडापाशी कुणी नव्हतं. घरी नव्हता, बंदरावर नव्हता. झाडाच्या बुंध्याशी त्याची पाचर ठोकायची लाकडी मोगरी तेवढी पडली होती. राईत आलेली वस्तू राईतच राहते, म्हणून ती कुणी उचलली नाही. दुसऱ्या वर्षी त्या मोगरीला पालवी फुटली होती आणि आज तिथे जी किंजळ आहे ती तीच, असं म्हणतात. दाजी गावकार तोवर थकला होता. त्याने ती तिवई सोडली आणि सांगितलं, की आजपासून हिच्यावर मी बसणार नाही, माझ्या घरातलं कुणी बसणार नाही. ही मेस्त्रीची आहे आणि त्यालाच परत गेली.

आजही खारगाळूत अक्षय तृतीयेला घरटी एक माणूस उंडीचं तेल घेऊन राईत जातं आणि आपापली तिवई चोळून येतं. गावात नवी सून आली की तिला आधी माउलीच्या अंगणात नेतात, घरच्या तिवईवर बसवतात आणि म्हणतात, बोल. ती जे बोलेल ते मुकाट्याने ऐकतात. गावचे सुतार बाहेरगावी कामाला गेले आणि कुणी विचारलं, कुठले, तर नुसतं खारगाळूचे म्हणत नाहीत. रवळू मेस्त्रीच्या गावचे, असं सांगतात.

आणि आषाढाची बैठक अजून त्याच अंगणात, त्याच पावसात भरते. सगळे बसले की गावकार बसल्या जागेवरून मोठ्याने विचारतो, "उभो कोण आसा?"

खालच्या वाडीतली सर्वांत थोरली बाई उत्तर देते, "रवळू मेस्त्री उभो आसा."

मग गावकार उठतो. मधल्या रिकाम्या तिवईपाशी जातो, तिच्यावरचं पाणी आपल्या हाताने निपटतो, किंजळीकडे बघून म्हणतो, "बसा, मेस्त्रीनू." गाव क्षणभर थांबतो, माणसाला बसायला जेवढा वेळ लागतो तेवढाच. आणि मग बोलायला सुरुवात होते.